फोटो उशिरा येतोय

कॅमेऱ्याचं बटण दाबलं की फोटो लॅपटॉपवर दिसायला हवा. एवढंच. यापेक्षा जास्त मी कुणाकडे काही मागत नव्हते, देवाकडेसुद्धा नाही. मधे एक केबल असते. तिच्या एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. फोटोने त्या केबलमधून पलीकडे जायचं आणि पडद्यावर उभं राहायचं. वर्षभर तो बिनबोभाट जात होता. बटण दाबून मान वळवेपर्यंत पोचलेला असायचा. आणि मग ऐन सीझनमध्ये, दिवाळी तोंडावर आलेली असताना, त्याला काय धाड भरली कोण जाणे, तो वाटेतच कुठेतरी बसकण मारू लागला.

मी कपड्यांचे फोटो काढते. लग्नाचे नाही, बारशाचे नाही, पुतळ्यावर चढवलेल्या कपड्यांचे. उल्हासनगरात एका व्यापाऱ्याचं बायकांच्या ड्रेसचं होलसेल दुकान आहे. खाली दुकान, वर गोडाऊन. त्या गोडाऊनच्या एका कोपऱ्यात गठ्ठे सरकवून केलेल्या जागेत माझा पांढरा कागद, दिवे आणि मुंडकं नसलेला एक पुतळा. नवीन माल आला की मी फोटो काढायचे, ते गावोगावच्या दुकानदारांच्या मोबाईलवर जायचे आणि ते बघून ऑर्डरी यायच्या. फोटोत रंग एक आणि पार्सलमध्ये दुसरा निघाला, की माल परत. आणि परत आलेल्या गठ्ठ्याइतका अम्मांना कशाचाच राग येत नसे.

अम्मा म्हणजे सेठची आई. सेठ त्यांना अम्मा म्हणायचा, म्हणून सगळं दुकान म्हणायचं आणि मीही. माल परत येऊ नये म्हणून त्यांनी एक नियम घालून दिला होता. पुतळ्यावर जो ड्रेस असेल त्याच रंगाचा दुसरा पीस मांडीवर घेऊन त्या लॅपटॉपसमोर बसायच्या, खिडकीच्या उजेडात. फोटो पडद्यावर आला की एकदा पडदा, एकदा मांडी, पुन्हा पडदा. रंग जुळला की म्हणायच्या, "हा." तो "हा" आल्याशिवाय पुढचा ड्रेस नाही. खुद्द सेठची त्या "हा"च्या पुढे जायची टाप नव्हती.

खरं सांगायचं तर मला हे फार आवडायचं. माझे फोटो इतकं मन लावून दुसरं कुणी बघत नव्हतं. माझ्या घरचे तर नाहीच. अम्मांनी एखाद्या फोटोवर मान डोलावली की मला दिवसभर बरं वाटायचं.

आता यात फोटो उशिरा यायला लागला तर काय होईल, विचार करा. मी मरून ड्रेसवर बटण दाबलं. पडद्यावर अजून मघाचा हिरवा. कोपऱ्यात ते गोल गोल फिरणारं चक्र. अम्मांच्या मांडीवर मरून.

"ये हरा क्यों दिखा रही है? मैं तो मरून लेके बैठी हूँ."

"अम्मा, वो पहले वाला है. नया अभी आएगा."

"कहाँ से आएगा? पूना से?"

मी हसायचे, कारण दुसरं काय करणार. चक्र फिरत राहायचं. अम्मांना रिकामं बसवत नाही. तेवढ्यात त्या मरून बाजूला ठेवून ढिगातला पुढचा पिवळा पीस मांडीवर घ्यायच्या, आणि नेमका तेव्हा मरून पडद्यावर उगवायचा. मांडीवर पिवळा, समोर मरून. मग मरून पुन्हा शोधा. तो आता ढिगाखाली गेलेला. सापडेपर्यंत अम्मांचा मूड गेलेला. मग त्या पडद्याकडे न बघता माझ्याकडेच बघायच्या, आणि मला वाटायचं की माझाच रंग जुळत नाहीये.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, होतं कधीकधी. दुसऱ्या दिवशी म्हटलं, लॅपटॉप थकलाय. त्यानंतर माझी जी पळापळ सुरू झाली ती शत्रूवरही येऊ नये.

आधी केबल बदलली. जुन्या केबलच्या तोंडाशी काहीतरी तांबूस दिसलं होतं, म्हटलं गंजली. बदलापूरच्या दमट हवेत चाव्यासुद्धा गंजतात. नवी केबल आणली, तीही तशीच रडकी. मग लॅपटॉपचं भोक बदललं. डावीकडचं, उजवीकडचं, मागचं. मग मधला जोड काढून टाकला आणि केबल सरळ लावली. मग फोटो लहान आकाराचे काढून बघितले. लहान फोटो थोडा लवकर यायचा, पण अम्मांना त्यात शिलाई दिसायची नाही. लॅपटॉपमध्ये जागा कमी असेल म्हणून भाचीच्या वाढदिवसाचे सगळे व्हिडिओ उडवले. बॅटरी वाचवायची सेटिंग बंद केली, अँटिव्हायरस बंद केला, वाय-फाय बंद केलं. सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा टाकलं. जुनं टाकलं, मग परत नवं टाकलं. इंटरनेटवर शोधलं तर जगभरातले लोक माझ्यासारखेच रडत बसलेले, आणि प्रत्येकाला कुणीतरी शहाणा सांगतोय की केबल बदलून बघा.

शेवटी मैत्रिणीचा कोरा करकरीत लॅपटॉप मागून आणला. त्यावरही तेच. आता राहिला होता फक्त कॅमेरा, आणि तोच विचार मला करायचा नव्हता. सर्व्हिस सेंटरवाल्याला फोन केला तर म्हणाला, ठेवून जा, बघू, दिवाळीनंतर कळवू. दिवाळीनंतर कळून मला काय करायचंय? कॅमेरा ठेवून गेले तर फोटो कशाने काढू, डोळ्यांनी?

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे काहीच पूर्ण बंद पडत नव्हतं. एकदाचं बंद पडलं असतं तर मी मोकळी झाले असते. पण नाही. लॅपटॉप म्हणायचा, कॅमेरा जोडलेला आहे. कॅमेऱ्यावर छोटा दिवा लागायचा. फोटो यायचा, पण सरकारी कामासारखा यायचा. जोडलं जातंय म्हणजे जोडायची जागा ठीक आहे, असं मी धरून चालले आणि तिथे ढुंकूनही बघितलं नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला एक रबरी झाकण असतं, ते उचलायचं आणि केबल आत खुपसायची, हे माझ्या हाताला इतकं सवयीचं की मी खाली बघतही नसे.

आता घरचं सांगते, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला होता ते कळेल.

मी आधी आनंदनगरला, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत होते. क्वालिटीच्या ऑफिसात. रिपोर्ट टाइप करायचे, सह्या घ्यायच्या, फाईलला लावायचे. ती नोकरी बाबांच्या ओळखीने लागली होती. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर टूलरूममध्ये लेथवर होते. रिटायर झाल्यावर बदलापुरात, शिरगावला हा फ्लॅट घेतला, तरी सकाळी अंगात कारखान्याचीच वेळ. मी ती नोकरी सोडून कॅमेरा हातात घेतला, तेव्हा ते ओरडले नाहीत, काहीच नाही. फक्त तेव्हापासून ते माझ्या कामाला काम म्हणत नव्हते. मी ऑफिसात जायचे तेव्हा आईला विचारायचे, "तिची ड्यूटी किती वाजता?" आता विचारायचे, "फोटोला जाणार आहे का ती?" जणू मी जत्रेत जाऊन पाळण्यासमोर उभी राहणार होते.

नेमकी याच महिन्यात ती माझी जुनी खुर्ची पुन्हा रिकामी झाली. तिथले साहेब बाबांच्या ओळखीचे, त्यांचा फोन यायचा. मग सकाळी चहाच्या वेळी बाबा पेपर खाली करायचे.

"दिवाळीनंतर जॉइन होशील का विचारतायत. काय सांगू त्यांना?"

"सीझन संपू दे, बाबा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेपर खाली. "काय सांगू त्यांना?" मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हा सीझन नीट पार पडला, अम्मांनी आणि सेठने लग्नसराईचं कामही मलाच दिलं, तर कॅमेरा. नाही दिलं, तर गुपचूप खुर्ची. हे मी बाबांनाही बोलून दाखवलं होतं. माझ्याकडे दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या फिरणाऱ्या चक्रावर येऊन अडकलं होतं, आणि चक्र काही थांबायला तयार नव्हतं.

रोज सकाळी स्कूटीच्या पायाशी लॅपटॉप ठेवून मी बदलापूरहून निघायचे, अंबरनाथमधून उल्हासनगर. वाटेत आनंदनगरकडे वळणारा फाटा लागतो. तिथे कंपन्यांच्या बस वळायच्या, त्यात झोपेने डुलणारी माणसं. मी त्या बाजूला बघायचंच टाळायचे. ऑक्टोबरचं ऊन हेल्मेटमध्ये शिजवून काढायचं आणि खड्ड्यांमध्ये लॅपटॉप आपटायचा, की मला वाटायचं, याच हिसक्यांनी काहीतरी निखळलं असेल. एकदा तर मी लॅपटॉप उशीत गुंडाळून नेला. दुकानातल्या लोकांनी विचारलं, मॅडम, आज इथेच मुक्काम का?

मग तो दिवस आला. लग्नाच्या मालाचं पहिलं शूट. घागरे, त्यावर बारीक जरीकाम, आणि सगळे एकाच घराण्यातले रंग. लाल, त्याहून जरा गडद लाल, त्याच्या शेजारचा लाल. हिरवा आणि मरून उलटसुलट झाले तर निदान कळतं तरी.

झालं तेच. मी दुसऱ्या लालवर बटण दाबलं. पडद्यावर पहिलाच लाल दिसत होता. अम्मांना वाटलं की हाच नवा फोटो. त्यांनी मांडीवरचा घागरा पडद्याजवळ नेला, लांब नेला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ना. ये नहीं है. रंग मर गया."

"अम्मा, एक मिनिट, ये पुराना है, नया लोड हो रहा है."

"फिर तूने बोला क्यों नहीं?"

मी बोलले होते. पण ते मागच्या घागऱ्याच्या वेळी. आता नेमकं सांगायचं राहिलं. तेवढ्यात नवा फोटो येऊन बसला, पण अम्मांनी तो अजून जुनाच समजून पहिला घागरा पुन्हा मांडीवर घेतला आणि "हा" म्हटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कशाला "हा" म्हटलं तेच आपल्याला माहीत नाही. एवढ्या वर्षांत हे त्यांच्या बाबतीत कधी झालं नसावं. त्यांनी घागरा घडी घालून बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या. जाता जाता माझ्या खांद्याला हात लावला.

"बेटा, तेरी आँख अच्छी है. तेरी मशीन धोखा देती है."

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. थोड्या वेळाने सेठ वर आला. त्याच्याही आवाजात राग नव्हता. "मॅडम, कल लास्ट ट्राय करेंगे. नहीं हुआ तो परसों से कल्याण वाला फोटोग्राफर आएगा. बुरा मत मानना, सीझन है ना."

मी बुरं मानलं नाही. मी मशीनचं बुरं मानलं. परत येताना मी त्या फाट्याशी गाडी थांबवली आणि पहिल्यांदा त्या बाजूला नीट बघितलं. काही नव्हतं तिथे बघण्यासारखं. ट्रक, चहाची टपरी, कंपन्यांच्या पाट्या. मी तिथे उभी राहून भरपूर रडले. हेल्मेटचा एक फायदा म्हणजे कुणाला दिसत नाही.

घरी आले तर बाबा टीव्हीसमोर. मी बॅग सोफ्यावर टाकली. एरवी मी बॅग फुलासारखी ठेवते, म्हणून त्यांनी वळून बघितलं.

"सांगा त्यांना," मी म्हणाले. "दिवाळीनंतर येते म्हणावं."

मला वाटलं, आता हे खूश होतील. निदान "बरं केलंस" म्हणतील. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"मशीनला झालंय काय पण?"

"ती मशीन नाहीये, कॅमेरा आहे!" माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "आणि तुम्हाला काय करायचंय? कधी विचारलंत का, काय करतेस, कसं करतेस? आता तुमच्या मनासारखं झालं ना? झालं मग!"

आईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली आणि लगेच आत घेतली. बाबा म्हणाले, "सकाळी ऑफिस उघडल्यावर करतो फोन." आणि टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला.

सकाळी मी उल्हासनगरला जायची तयारी केलीच नाही. जाऊन तरी काय, पुन्हा तेच चक्र बघायचं? त्यापेक्षा कॅमेरा विकून टाकू म्हटलं. जुने कॅमेरे घेणाऱ्या दुकानवाल्याला मेसेज केला. त्याने सांगितलं, सगळ्या बाजूंनी फोटो पाठवा, झाकणं उघडून, जोडायच्या जागा दिसल्या पाहिजेत. बरं. मी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि स्पिरिट घेतलं आणि कॅमेरा पुसायला बसले. विकायचा असला तरी घाणेरडा विकणार नव्हते.

बाजूचं रबरी झाकण उचललं, काडी स्पिरिटमध्ये बुडवून केबलच्या भोकात फिरवली. बाहेर काढली तर कापूस लाल.

म्हटलं, गंज. तरीच! दुसरी काडी घेतली. ती जास्तच लाल, आणि कडेने पिवळी पसरत चाललेली. गंज कधी पिवळा होतो का? मोबाईलचा टॉर्च लावून आत बघितलं. आत, अगदी तळाशी, वाळलेला लाल लगदा चिकटला होता. टूथपिकने हळूच खरवडला तर त्यातून एक बारीकसा पांढरा कण टेबलावर पडला. मी तो बोटावर घेतला. तांदूळ. तांदळाची मोडकी कणी.

गंजाला तांदूळ लागत नाहीत. हे कुंकू होतं, ओलं करून लावलेलं, वर हळद आणि अक्षता. माझ्या कॅमेऱ्याच्या पोटात कुणीतरी पूजा घातली होती.

"आई!"

आई पीठ लागलेले हात घेऊन बाहेर आली. टेबलावरच्या लाल काड्या बघून तिचा चेहराच उतरला. "माझ्याकडे बघू नकोस. मी हात लावलेला नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "खंडेनवमीला तू वांगणीला मावशीकडे गेली होतीस ना. यांनी पाटावर त्यांची सगळी हत्यारं मांडली, दरवर्षी मांडतात तशी. मग तुझ्या खोलीत गेले आणि कॅमेरा घेऊन आले. मी म्हटलं, ती घर डोक्यावर घेईल. तर म्हणाले, दिसणार नाही असं लावतो."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा बाबाच करतात. पाटावर त्यांचं व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने, सगळं तेल लावून पुसलेलं. शेजारी आईची विळी. खाली माझ्या स्कूटीलासुद्धा झेंडूचा हार. कॅमेरा त्यात कधीच नसायचा. मी तो घेतला तेव्हाच घरात जाहीर केलं होतं की याला कुणी हात लावायचा नाही, आणि बाबांनी तो नियम कारखान्यातल्या नियमासारखा पाळला होता. कॅमेरा पाटावर नसतो याचं मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण ते मी कुणाला सांगायचे नाही. स्वतःलाही नाही.

बाबा खालून दूध घेऊन आले. मी काही बोलायच्या आधीच त्यांची नजर टेबलावर गेली. त्यांनी पिशवी ठेवली, खुर्ची ओढली आणि एक लाल काडी उचलून उजेडात धरली.

"तुम्ही लावलंत?" मी विचारलं.

"हो."

"आत? भोकात?"

"मशीनला जिथून करंट येतो तिथे लावतात," बाबा म्हणाले. "टूलरूमला आम्ही मेन स्विचला लावायचो. याला स्विच कुठला ते कळेना. बाहेर लावलं तर तू चिडशील. मग ते झाकण दिसलं. म्हटलं, इथूनच येत असणार. वरचं मी पुसून घेतलं होतं." काडी त्यांनी अजून हातातच धरली होती. "याच्यामुळे झालं का सगळं?"

माझ्या मनात खोटं बोलायचं आलं होतं. नाही हो, केबलच खराब होती, असं म्हणता आलं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर केसाएवढा फरक मापून माल नापास केला, त्याच्यासमोर अशी थाप टिकत नाही. आणि मी अजून चिडलेलीही होते. अम्मा उठून गेल्या होत्या ते मला विसरता येत नव्हतं.

"हो, याच्यामुळेच," मी म्हणाले. "त्या भोकात बारीक बारीक पट्ट्या असतात. काहींमधून नुसतं जोडलं जातं, काहींमधून फोटो पळतो. पळायच्या पट्ट्या कुंकवाने बुजल्या. म्हणून जोडलेला दिसायचा आणि फोटो मात्र रांगत यायचा. मी केबल बदलली, लॅपटॉप बदलला, वेड लागायची पाळी आली माझ्यावर. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत!"

"तू सांगितलंस का कधी, काय बिघडलंय ते? काल विचारलं तर ओरडलीस."

हे खरं होतं, आणि त्यामुळे मला आणखीच राग आला.

"आणि रोज सकाळी ते खुर्चीचं काय सांगू, काय सांगू चाललेलं तुमचं?"

"त्यांचा फोन येतो रोज. त्यांना काहीतरी उत्तर द्यायला नको?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. "जा, असं मी कधी म्हणालो?"

मी आठवून बघितलं. खरंच म्हणाले नव्हते. आई पिठाचे हात तसेच धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

मग बाबांनी काडी खाली ठेवली. "ओलं असताना केबल घालू नकोस," ते म्हणाले. "पूर्ण वाळू दे आधी." मी आणखी काड्या घेतल्या, कापूस पांढरा निघेपर्यंत पुसलं आणि कॅमेरा पंख्याखाली ठेवला. तो वाळेपर्यंत आईने चहा टाकला. मग मी लॅपटॉप उघडला, केबल लावली, आणि समोर बाबाच बसले होते म्हणून त्यांच्यावरच बटण दाबलं.

मान वळवायच्या आत फोटो आलेला होता. पडद्यावर बाबांचा चेहरा एवढा मोठा. दाढीचे पांढरे खुंट, आणि शाळेत उभं केलेल्या मुलासारखी नजर. मी त्यांचा फोटो या पडद्यावर कधी बघितला नव्हता. त्यांनीही नसणार. ते वाकून बघत राहिले.

"एवढं सगळं दिसतं होय यात?"

"अम्मांना शिलाईसुद्धा दिसते."

"मग निघ की. आजचा दिवस शेवटचा ना तुझा?" म्हणजे ते ऐकत होते. काल रात्री मी आईजवळ बडबडले ते सगळं टीव्हीच्या आवाजातून त्यांनी ऐकलं होतं.

मी सेठला फोन केला, निघतेय म्हणाले. दुकानवाल्याला, कॅमेरा विकायचा नाही, असा मेसेज टाकला. भराभर बॅग भरली. बाबा दारापर्यंत आले, मागे हात बांधून, कारखान्यात साहेब आल्यावर उभे राहायचे तसे.

"ऑफिस उघडलं असेल आता," मी म्हणाले. "फोन करणार होतात ना त्यांना."

"करतो. नाही येत म्हणून सांगतो." मग माझ्या बॅगेकडे बघून म्हणाले, "पुढच्या वर्षी मी बॅगेलाच लावतो. बाहेरून. मशीनला हात नाही लावणार."

पुढच्या वर्षी. एवढं होऊनही या माणसाने पुढच्या खंडेनवमीचा पाट मनात मांडून ठेवला होता, आणि त्या पाटावर मी होते. मला चिडायचं होतं, अजून पुष्कळ चिडायचं राहिलं होतं. पण मी बूट घालायच्या निमित्ताने खाली वाकले.

"बॅगेला कशाला?" मी खाली बघतच म्हणाले. "कॅमेऱ्यालाच लावा. कुठे लावायचं ते मी दाखवेन."